मथुआत्याचं कुर्रर्र

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एवढं सांगा. आपल्या माणसावर माया असेल, तर त्याच्याजवळ जावं की लांब राहावं? बघा, पुढच्या रांगेतल्या मावशी लगेच म्हणाल्या, जवळ जावं! मीही तेच म्हटलं असतं. पण म्हसवडच्या मथुताईची गोष्ट ऐका आणि मग परत सांगा. आज आपली पेटी मुकी का, असं मघापासून कुजबुजताय ना? त्याचंही उत्तर त्यातच आहे.

मथुताई मोठ्या मनाची आणि त्याहून मोठ्या आवाजाची बाई. तिचा एकुलता एक भाऊ हणमंत, साताऱ्याला नोकरीला. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. आणि यंदा पौषात हलला! मुलगी झाली, पण दीड महिना आधीच. केवढी? बाजारातून कोबीचा गड्डा आणतो ना आपण, तेवढी! दवाखान्यात काचेआड ठेवली तिला.

बारावा दिवस बारशाचा. हणमंतानं डॉक्टरांची परवानगी काढली. एकाच माणसानं आत यायचं, कानात नाव सांगायचं आणि बाहेर पडायचं. कोणी? अहो, आत्यानं! तो मान दुसऱ्या कुणाचा आहे का? मथुताईनं ते नाव अकरा वर्षं मनात जपलं होतं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं, ते सोडा!

आणि नेमकं अकराव्या दिवशी तिचं अंग मोडून आलं. घसा खवखवतोय, नाक गळतंय, संध्याकाळी एकशे दोन ताप. गावात फ्लूची साथच होती. डॉक्टरांनी आधी लस सुचवली होती, तेव्हा बाई म्हणाली, मला काय धाड भरतेय? आता नवरा म्हणाला, जाऊ नकोस. त्याचं कोण ऐकतंय! सकाळी तापाची गोळी घेतली, कपाळ गार झालं, आणि निघाली की जीप भरून. दोन जावा, एक चुलतसासू, नाकं वाहणारी चार पोरं आणि लाडवांचा डबा! दवाखान्यात चाललोय की वरातीला? हसताय काय? मागच्या महिन्यात तुम्हीच सात जण शेजाऱ्याला भेटायला गेलात, त्याच्याच खाटेवर बसलात आणि त्याचीच केळी खाऊन आलात!

दारात लोंढेसिस्टर उभ्या. त्यांनी सगळी जीप झाडाखाली बसवली. पोरांना तर पायरीही चढू दिली नाही. आत एकटी आत्या. ताप, सर्दी, खोकला आहे का, असं विचारलं, तर मथुताई म्हणाली, छे! कपाळासमोर यंत्र धरलं, तर ताप नाही. दिसेल कसा? गोळीनं दडवला होता. मंडळी, हे नीट ऐका. गोळीनं ताप उतरतो, आजार अंगातून जात नाही. यंत्र फसलं, बाळ कसं फसेल?

बांगड्या काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले, मास्क लावला. आता फक्त एक दार उरलं. हणमंतानं ते उघडलं. म्हणाला, "ये ताई. मागच्या आठवड्यात मला नुसत्या शिंका आल्या, तर पाच दिवस मी काचेबाहेरूनच बघितलं हिला. आजारपणाशी झगडायचं बळ नाही गं तिच्या अंगात."

मथुताईच्या घशात खोकला उसळला. तिनं तो दाबून धरला. एका क्षणाचं तर काम! कुणाला कळणार होतं? पण मंडळी, तोंड कानाशी नेल्याशिवाय कुर्रर्र होतं का? ती दोन पावलं मागे सरली. डोळे भरून आले होते.

"हणमा, मला ताप आहे. मी गोळी खाऊन आलेय. दार लाव."

हणमंतानं दार लावलं आणि काचेआडूनच सांगितलं, तू बरी होईस्तोवर बारसं नाही. सिस्टरांनी तिला वेगळं बसवलं, डॉक्टरांना दाखवलं आणि खोकायचं ते रुमालात नाहीतर कोपरात, हे शिकवलं. तिकडे पोरगी बिननावाची! सगळा दवाखाना तिला 'चार नंबर' म्हणायचा.

साडेतीन आठवड्यांनी मथुताई ठणठणीत होऊन आली. एकटी, एसटीनं! लसही टोचून घेतली होती. हात धुतले, मास्क लावला, आणि मास्कमधूनच त्या इवल्याशा कानात कुर्रर्र केलं. गौतमी! अकरा वर्षांचं नाव बाहेर पडलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायचा रिवाज ना आपला? तिथे बायका कुठून आणायच्या? लोंढेसिस्टरच पुढे झाल्या आणि दोन घातले. एक बारशाचा, दुसरा त्या गोळीचा! गौतमीनं असा टाहो फोडला की सगळा मजला हसला. आवाज अगदी आत्याचा!

तर मावशी, आता सांगा. जवळ जावं की लांब राहावं? नुसत्या हसताय! आमचे पेटीवाले विष्णुपंत, तीस वर्षांत एक कीर्तन चुकलं नाही त्यांचं. आज फोनवर म्हणाले, कणकण आहे, पण गोळी घेऊन येतो. म्हटलं, पंत, आज मथुताईचंच आख्यान लावतोय, घरीच राहा. म्हणून पेटी मुकी.

आणि त्या तिसऱ्या खांबापाशी बसलेले दादा! लपू नका. मघापासून हातात खोकताय, आणि त्याच हातानं आज तुम्ही प्रसाद वाटणार आहात ना? मान तुमचाच आहे, कुणी घेत नाही. बरे झालात की पुढच्या एकादशीला वाटा, पहिला हात मी पुढे करीन. आज घरी जाऊन पडा. देव काही रागवायचा नाही.

उचला टाळ, मंडळी! पंतांच्या घरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!