कर्ण्यावरची हजेरी

घोटीजवळच्या गावात लसीच्या रांगेत सावळीराम उभ्या उभ्या पेंगत होता. पुढे शाळेच्या योगिनीबाई आणि म्हाताऱ्या लंकाबाई. शाळेला कुलूप लागल्यापासून बाई देवळाच्या कर्ण्यावरून हजेरी घेत, धडा वाचत, गावाला निरोप सांगत. धुक्यातून, भाताच्या खाचरांवरून आवाज तरंगत यायचा आणि पोरं अंगणातूनच ‘हजर’ ओरडायची. अर्ध्या झोपेत सावळीरामाच्या कानावर दोघींचं बोलणं येऊ लागलं.

“आजी, तुमची नात छाया तर केव्हाची कळवणला मामाकडे गेलीय. मग तुमच्या अंगणातून रोज हजर कोण म्हणतं?”

“मीच.”

“अहो, मी तिला हजर धरत होते!”

“तुम्ही नाव घेतलं का ती वसरीवर बसल्यावानी वाटायचं, बाई. मग गप कसं ऱ्हावं?”

“मामांचा फोन आला होता. तिकडच्या शाळेत घालायचंय, दाखला मागतात.”

“नका देऊ.”

“असं कसं? पोरीचं वर्ष वाया जाईल.”

“मंग उद्यापासून तिचं नाव नाय घेणार?”

“नाही घेता येणार, आजी.”

रांग पुढे सरकली. लंकाबाई जागच्या हलल्या नाहीत.

“द्या दाखला. शिकू द्या पोरीला. पन तिच्या जागी माझं नाव घ्या.”

“तुमचं?”

“कर्णा काय पोरांनाच ऐकू येतो व्हय? भाकरी थापता थापता सातापर्यंत पाढे आले मला.”

“बरं बाई, घेते. कितवीत बसवू?”

“पहिलीत. अन् छायाला फोन लावा. म्हनावं, चौथीत लय घाई करू नको, आजी येतीय मागून.”