टायरवरचे चार आकडे

जुनी गाडी घेताना तुम्ही टायरवरची तारीख बघता का? मीही बघत नव्हतो. गेल्या वर्षी कुंडलच्या माझ्या मामांनी त्यांची गाडी मला द्यायची ठरवली. मामा फौजेतून निवृत्त झालेले. गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली, टायरची नक्षी जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी मी बायकोपोरांना घेऊन तिच्यातूनच कोरेगावला निघणार होतो. नवी बॅटरी घालून मामांबरोबर तासगावात हवा भरायला गेलो, तर टायरवाला खाली वाकून म्हणाला, "आवं, ह्या टायरांवर लांब जाऊ नका."

"का रं? गाडी पाच हजार किलोमीटर बी पळाली न्हाई," मामा चिडले.

त्यानं टायरच्या कडेवरची माती पुसली. "हे बघा, २३१४. म्हंजे चौदा सालचा तेविसावा आठवडा. रबर उभ्या जागी बी म्हातारं हुतंय." कडेला पडलेल्या बारीक भेगांवरून त्यानं मामांचं बोट फिरवलं.

मामा टायरजवळ उकिडवे बसले. मग मला म्हणाले, "तुझी मामी गेल्यापास्नं गाडी भाईर काढलीच न्हाई. मला वाटायचं, दोन-तीन वर्सं झाली असतील."

मामीला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

चारही टायर नवे बसवले. मी गाडी कुंडलकडे वळवायला लागलो, तर मामांनी माझा हात धरला.

"पयलं मिरजेला घे. तुझ्या मामीची भन हाय तिथं. तवापास्नं तिला तोंड दावलं न्हाई."