तंबूबाहेर काढलेले बूट

तुम्ही हसाल, पण दारात चपला काढायच्या सवयीपायी माझ्यावर पायाची बोटं गमवायची पाळी आली होती.

तारापूरला अणुभट्टी बांधत होते तेव्हाची गोष्ट. मी माहीमची होडी सोडून मालवाहू जहाजावर खलाशी झालो होतो. नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला जहाज माल उतरवायला थांबलं. तिथल्या रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांपैकी एकानं मला आपल्या तंबूत कॉफीला नेलं. मी आपला बूट बाहेर बर्फात काढून आत गेलो.

तासाभरानं निघालो, तर बुटांचा दगड झालेला. तसेच पाय कोंबले. थोडं चाललो आणि बोटं कळेनाशीच झाली. सोबत निघालेल्या त्या सामीनं मला परत तंबूत ओढत नेलं आणि मोजे काढले. बोटं मेणासारखी पांढरी!

"कापावी लागतील?" मी विचारलं.

त्यानं आईला हाक मारली.

म्हातारी सत्तरीची. तिनं अंगरखा वर केला आणि माझे दोन्ही पाय आपल्या उघड्या पोटावर दाबून धरले. बोटं जायची भीती होतीच, त्यात आजीच्या वयाच्या बाईला पाय लागलेले! ओढून घ्यायला गेलो, तर खेकसलीच. मग बोटांत रक्त परतलं आणि अशी आग उठली की मी गुरासारखा ओरडलो. तेव्हा कुठे ती हसली.

घरी आल्यावर सगळं ऐकून माझ्या आईनं दहाही बोटं चाचपून पाहिली.

"पाया पडलास ना तिच्या?"

मी पाय मागे ओढून घेतले.

"नाय पडलास?"

"नाय. बोटं मोजत बसलो होतो."