पहिला घास देवाचा

लाडवांचा विषय निघाला, म्हणून पिंपळनेरकडचा तो पाडा आठवला. गरोदर बायांना पोषण आहार द्यायचा, म्हणून आम्ही तिथल्याच नव्या नागलीचे, म्हणजे नाचणीचे, लाडू वळून नेले होते. एकीनंही हात लावला नाही. सोबत आलेले आमचे साहेब भडकले, "नकोच असेल तर बंद करा योजना!"

मी पाड्यातल्या अक्काला विनवलं, "अहो, अगदी ताजी नागली आहे."

"ताजी शे, तीच तं पंचाईत शे, भाऊ. नवं धान्य आधी देवले, मंग आमले."

मग पूजा होईपर्यंत थांबलो. देवानंतरचा पहिला लाडू अक्कानं साहेबांच्याच हातावर ठेवला.

हल्ली तिथं लाडवांऐवजी शहरातून आहाराची बंद पाकिटं जातात. परवा विचारलं, "अक्का, हे देवाला दाखवलं का?"

अक्कानं पाकीट उलटसुलट फिरवलं. "हाई नवं कधी व्हतं, भाऊ?"