सिम्बल वाढवा

बाबा : नाही, नाही. अजून वाढवा. सिम्बल कुठे गेली? झांजेचा झणकार नाही, नुसता ढोल बडवल्यासारखं वाटतंय.

तंत्रज्ञ : काका, दोनदा वाढवलीय. आता वाढवली तर ऐकणाऱ्याचे कान किटतील.

बाबा : किटू देत. रॉक आहे हे, अंगाई नाही. तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा मी या टेपवरच्या कार्यक्रमात गिटार घेऊन उभा होतो. मागे हिची आई ड्रम्सवर. तिची सिम्बल वाजली की शेवटच्या रांगेतला माणूस दचकायचा. आणि तुम्ही ती खाऊन टाकलीत!

मुलगी : बाबा, त्यांनी काही खाल्लेलं नाही.

तंत्रज्ञ : इतकी वर्षं टेप रेडिओच्या गोदामात पडून होती. मला वाटलं, काही हाती लागणार नाही. पण सगळं आहे, काका. काकूंचा एकेक ठोका आहे.

बाबा : असेल तर ऐकवा. नाहीतर राहू दे तुमची रेकॉर्ड. बँडमधला मी एकटाच उरलोय, होकार माझाच लागतो ना? नाही देत. तिचं वाजवणं असं मुकं करून लोकांपुढे जाणार असेल, तर गोदामात काय वाईट होतं?

मुलगी : मी एक बोलू?

बाबा : तू मघापासून कानावर हात ठेवून बसलीयस. आवडत नसेल तर बाहेर चहा घे जा.

मुलगी : हात ठेवलाय कारण कान दुखतायत. मला फक्त सिम्बलच ऐकू येतेय. तुझी गिटार तिच्याखाली गाडली गेलीय.

बाबा : काहीतरीच.

मुलगी : दादा, एकटी सिम्बल लावता येईल? बाकी सगळं बंद करून?

तंत्रज्ञ : येईल. तिच्यावरच्या माईकचा ट्रॅक वेगळा आहे. खालचे आवाज गाळतो... हं.

बाबा : मग लावा की.

तंत्रज्ञ : काका...

बाबा : अहो, लावा! बघताय काय माझ्याकडे?

मुलगी : बाबा, चालू आहे.

(बाबा उठून स्पीकरला कान लावतात.)

बाबा : कधीपासून?

मुलगी : त्यांनी ‘हं’ म्हटलं ना, तेव्हापासून.

बाबा : ते नाही विचारत मी.

मुलगी : दाराची बेल तुला ऐकू येईनाशी झाली, तेव्हाच मला शंका आली होती. म्हटलं, तुझं लक्ष नसेल.

बाबा : मला वाटायचं, आता आपल्याकडे कोणी येत नाही.

तंत्रज्ञ : दणदणाटात आयुष्य गेलं की वरचे सूर आधी जातात, काका. पुष्कळ वादकांचं होतं असं.

बाबा : माझ्या गिटारचे गेले असते तरी चाललं असतं. नेमके हिचेच... बंद नका करू. राहू दे. तू सांग गं, कशी वाजवतेय?

मुलगी : मला काय कळतंय त्यातलं? मी आईला कधी वाजवताना पाहिलंसुद्धा नाही.

बाबा : म्हणून तर तुला विचारतोय.

मुलगी : हलकी वाजवतेय. मला वाटलं होतं, दणादण असेल. पत्र्यावर कोणी एकेक वाटाणा टाकावा तसं. आणि मधेच एकदम जोरात... पण लगेच गप्प. जणू हातानं धरली.

बाबा : दोन बोटांनी धरायची! बरोबर. पुढे?

मुलगी : किंचित उशिरा येतेय. दरवेळी. चुकतेय का ती?

बाबा : छे! मी पळायचो. समोर गर्दी दिसली की माझं भान सुटायचं. ती धरून ठेवायची. खाली उतरलो की मी तिच्यावर ओरडायचो, तू मागे ओढतेस म्हणून.

मुलगी : मग ती काय म्हणायची?

बाबा : म्हणायची कसली! पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तस्संच.

तंत्रज्ञ : काका, काय करू मग?

बाबा : तुम्ही आधी ठेवली होती तशी ठेवा. मला ऐकू येईल अशी नको. तिनं वाजवली तशी.

तंत्रज्ञ : म्हणजे होकार समजू?

बाबा : समजा. पण आम्हाला इतक्यात उठवू नका. पहिल्यापासून लावा, सगळी वाद्यं मिळून. आणि तू हात दे इकडे. ती वाजवेल तिथे माझ्या हातावर बोट मार.

मुलगी : मला नाही जमायचं. मागे पडेन मी.

बाबा : पड गं, त्यात काय... हां, ही माझी गिटार. आता आली पाहिजे ती. आली?

मुलगी : थांब ना बाबा. येतेय.