सहावं घर

(पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगराळ गावातलं बंदुकांचं दुकान. नोव्हेंबरची दुपार. काउंटरमागे मालक ऑरिन टटल, समोर कागद गिरणीतून निवृत्त झालेला वेंडेल क्युबियाक. दोघांच्या मध्ये एक वापरलेला रिव्हॉल्व्हर आणि वेंडेलने घरून आणलेला पुठ्ठ्याचा खोका.)

वेंडेल : खोका तू उघडतोस की मी उघडू?

ऑरिन : थांब रे, आधी हा हातात घे. कडेची निळी झाक उडालीय, पण गोळ्या भरायचं चाक घट्ट आहे आणि नळी आतून लख्ख. दर रविवारी पन्नास काडतुसं झाडलीस तरी दहा वर्षांनी घातलेले पैसे परत येतील. जी झीज व्हायची ती आधीच्या मालकाच्या हातून झालीय.

वेंडेल : बसतो हातात. घेतो हाच. बदल्यात या खोक्यातला माझा ठेवून घे. वरचा फरक काय तो तू ठरव.

ऑरिन : असं गिऱ्हाईक चाळीस वर्षांत भेटलं नाही मला. पण विकतोस कशाला? बावीस वर्षं जपलास.

वेंडेल : कंटाळलो. म्हणे म्हातारपणाची सोय. म्हातारपण आलं, सोय कपाटात पडून आहे, आणि जिच्यासाठी केली ती बायकोच एप्रिलमध्ये गेली. आता असा एक हवा, की बोटं वळतात तोवर मला झाडता येईल आणि माझ्यामागे पोरीला विकता येईल.

ऑरिन : मग हा घेऊन जा. पैसे सवडीने दे. खोका मात्र घरी ने.

वेंडेल : का म्हणून? कोरा माल आहे. कारखान्याचा मेणकागदसुद्धा मी सोडलेला नाही. चाक एकदाही फिरवलं नाही.

ऑरिन : माहीत आहे मला.

वेंडेल : नेडीनने एकदा मागितला होता. म्हणाली, एकच गोळी झाडून बघू दे. मी म्हटलं, चाकावर रेघ उठते, भाव उतरतो. त्यावर ती भांडी घासत राहिली. तेच पातेलं किती वेळ घासत होती. आता रोज आठवतं.

ऑरिन : हे भिंग घे.

वेंडेल : मला कशाला भिंग?

ऑरिन : कारण कोरा म्हणून हा मला घेता येत नाही. आणि का ते सांगायची हिंमत मला आजवर झाली नाही. सोड तो कागद. चाकाची पुढची बाजू बघ, गोळ्यांच्या सहा घरांच्या तोंडाशी.

वेंडेल : धुराची काळी कडी दिसतायत. ती असणारच. कारखान्यात झाडून बघतात की.

ऑरिन : दोन-तीन घरांतून बघतात. मोज.

वेंडेल : ...पाच. सहावं स्वच्छ आहे. म्हणजे ऑरिन, मला वापरलेला माल कोरा म्हणून विकलास तू?

ऑरिन : इतका हलकट नाही मी. तुझी गिरणीत डबल पाळी चालू होती ना, त्या हिवाळ्यात नेडीन आली. खोका किराण्याच्या पिशवीत, वर बटाटे. म्हणाली, हा भरायचा कसा ते दाखव. मी म्हटलं, बाई, वेंडेलला कळलं तर मला जिवंत सोडणार नाही. तर म्हणते, कळायला आधी त्याने उघडायला तर हवा.

वेंडेल : असंच बोलायची ती.

ऑरिन : दुकानामागच्या चांदमारीवर नेलं तिला. सहा भरल्या, पाच झाडल्या. एक पुठ्ठ्याला लागली, चार मातीत गेल्या. पण हसली रे. तिला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग सहावी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, ही त्याची, झाडायला मागेल तेव्हा दे. मीच तो पुसला आणि होता तसा कागदात गुंडाळून दिला.

वेंडेल : आणि तू गप्प बसलास. दर शिकारीच्या मोसमात इथे बसून मी तुझी ती कडू कॉफी पीत होतो, आणि तू गप्प.

ऑरिन : तिला शब्द दिला होता. वाटायचं, यंदा मागशील. तीही यायची दर वर्षी विचारायला, मागितला का त्याने. पुढे विचारायची थांबली.

वेंडेल : कधी थांबली?

ऑरिन : आजारी पडायच्या बऱ्याच आधी.

वेंडेल : ...भाव किती उतरला असेल याचा?

ऑरिन : निम्म्याच्या आसपास. पोरीला तरी बरे पैसे येतील अजून.

वेंडेल : आणखी एक झाडली तर?

ऑरिन : आता उतरायचं काय राहिलंय त्यात?

वेंडेल : मग तुझा हा वापरलेला जागेवर ठेव. ती सहावी कुठे आहे?

ऑरिन : या खणात, काड्यापेटीत. जुनी झालीय, पण उडेल.

वेंडेल : दे इकडे. कानाला लावायचंही काहीतरी दे.

ऑरिन : बाहेर गारठा आहे. कोट घाल आधी. आणि वारा सुटलाय, नेम लागायचा नाही.

वेंडेल : नेम राहू दे. ती कुठे उभी होती, तेवढं दाखव.