वाटाघाटींची रंगीत तालीम

बायको : पुन्हा पहिल्यापासून. दारातून आत ये, आणि या खेपेला चप्पल काढू नकोस. मालकाच्या केबिनमध्ये कुणी चप्पल काढतं का?

नवरा : सवय गं. बरं, आलो. नमस्कार साहेब, मी भट्टीवरचा. युनियनतर्फे बोलायला आलोय.

बायको : या. ते कपडे बाजूला सारा आणि बसा.

नवरा : साहेबांच्या केबिनमध्ये कपडे वाळत घालतात वाटतं.

बायको : मुद्द्यावर या. मला दुसरी कामं आहेत.

नवरा : तुम्ही आठ तासांची पाळी बारा तासांची करताय. आम्हाला ती नको.

बायको : अहो, बदल्यात आठवड्याला तीन सुट्ट्या देतोय. नव्या कायद्यात मुभा आहे.

नवरा : कामगारांची संमती असेल तर आहे. आमची नाही. काच वितळवायच्या भट्टीपुढे आठ तास उभं राहिलं की हात ऐकेनासा होतो, साहेब. भाजण्याचे प्रकार शेवटी शेवटीच होतात.

(बायको नुसती बघत राहते.)

नवरा : म्हणजे… दहा तास म्हणालात तर विचार करता येईल. अकरासुद्धा, मध्ये जरा चहाला सोडलंत तर.

बायको : झालं! मी तोंड तरी उघडलं का?

नवरा : नाही.

बायको : मग घासाघीस कुणाशी चालली होती, स्वतःशीच? असं गिऱ्हाईक भाजीवाल्याला रोज मिळो.

नवरा : तू अशी बघतेस ना, की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. आपल्या लग्नाच्या बोलणीत तुझे बाबा असेच बघत बसले होते.

बायको : आणि तू घाबरून म्हणालास, "मुलीनं नोकरी सोडायला नको, स्वयंपाक मी करीन."

नवरा : करतोय की अजून.

बायको : तेव्हा माझं भलं झालं. उद्या कामगारांचं वाटोळं होईल. आता बोलणी करायचा हक्क तुमच्या एकट्या युनियनला. तू मान डोलावलीस की सगळे बारा तास उभे.

नवरा : म्हणून तर तुझ्यापुढे तालीम करतोय. त्यात नव्या पोरांना त्या तीन सुट्ट्यांची भुरळ पडलीय.

बायको : उद्या एकच कर. आपलं म्हणणं मांडून झालं की तोंडाला कुलूप. चल, बोल.

नवरा : आठ तास, साहेब. त्यापुढे एक मिनिट नाही.

बायको : अडून बसू नका. दहा करू.

नवरा : …

बायको : बरं, साडेनऊ. आणि चहा कंपनीचा.

नवरा : …

बायको : अहो, काहीतरी बोला.

नवरा : …

बायको : हे बघ, मागच्या महिन्यात माल अडला म्हणून बारा तास थांबलास आणि हात भाजून आलास. घास धरवत नव्हता. मी भरवत होते, आणि तू ताटावरच झोपलास. मी किती घाबरले होते, तुला सांगितलं नाही. त्या तीन सुट्ट्या घेऊन मी काय करू? मला रोज संध्याकाळी तू धडधाकट घरी हवायस.

नवरा : हे मालक बोलताहेत?

बायको : मालक मघाशीच उठून गेले.